पंखा फिरतोय, पण पीसी उठत नाहीये!

नवा मदरबोर्ड बसवला, बटन दाबलं आणि स्क्रीन काळाच... डोकं धरून बसण्याआधी आणि ‘फॉरमॅट’ हा शब्द उच्चारण्याआधी हे वाचा.

शनिवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर उघडा कॅबिनेट, वाटीत स्क्रू, बाजूला नव्या मदरबोर्डचा चकचकीत खोका. यूट्यूबवरच्या पोराने वीस मिनिटांत जे केलं त्याला तुम्हाला चार तास लागले, पण झालं बुवा एकदाचं. शेवटचा स्क्रू आवळला, बटन दाबलं. पंखे गरगरले, आरजीबी लाइट्स गणपतीच्या मखरासारखे उजळले... आणि मॉनिटरवर दोनच शब्द : ‘नो सिग्नल’. मागून आईचा डायलॉग ठरलेला, ‘‘चांगला चालू होता ना? मग उघडलासच कशाला?’’

आता पुढचे दोन तास फार महत्त्वाचे. मदरबोर्ड बदलल्यावर पीसी न उठणं ही अगदी कॉमन गोष्ट आहे आणि बहुतेक वेळा त्यात काहीही जळलेलं नसतं. एखादी केबल राहिलेली असते, रॅम अर्धवट बसलेली असते, नाहीतर नवा बोर्ड आणि जुनी डिस्क यांचं जमत नसतं. तुमचे फोटो, ऑफिसच्या फाइल्स, फ्रीलान्सचं अर्धवट काम, सगळं डिस्कवर जिथल्या तिथे असतं. ते जातं ते नंतर, घाबरून केलेल्या उद्योगांत. ‘एकदा फॉरमॅट मारू, सगळं सुरळीत होईल’ असं कुणीतरी सांगतं, आपण मान डोलावतो आणि दहा वर्षांचा संसार पाच मिनिटांत साफ!

हा विषय सध्या घरोघरी का निघतोय, तर त्याला कारण आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला लागतो टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१५-१६ मध्ये हौसेने असेंबल करून घेतलेला पीसी ठणठणीत असूनही बाद. मग कॅबिनेट, एसएमपीएस, डिस्क जुनीच ठेवायची आणि मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम तेवढी नवी घालायची, हा मध्यमवर्गीय फंडा. हिशेबाला अगदी बरोबर! (रॅमच्या भावाने २०२५ च्या अखेरीस जी उसळी मारली त्यानंतर हा हिशेब जरा बिघडलाच, पण तो वेगळा विषय.) गोम अशी की ही जुनी डिस्क एका वेगळ्या जमान्यातली असते. त्याकडे येऊच.

थांबला, पण कुठे?

‘बूट’ हा शब्द ‘बूटस्ट्रॅप’वरून आला. आपल्याच बुटाच्या नाड्या धरून स्वतःला वर उचलायचं, अशी ती इंग्रजी गंमत. बंद पीसीला काहीच ठाऊक नसतं. बटन दाबल्यावर एसएमपीएस बोर्डाला वीज देतो, बोर्डावरच्या चिपमधला छोटासा प्रोग्रॅम जागा होतो, तो प्रोसेसर तपासतो, मग रॅम, मग ग्राफिक्स, मग डिस्क शोधतो आणि शेवटी सूत्रं विंडोजच्या हाती देतो. रिले रेसच म्हणा ना. बॅटन नेमकं कुणाच्या हातून पडलं एवढं कळलं की अर्धं काम झालं. ‘पीसी चालू होत नाही’ हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी. डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगितल्यासारखं.

काहीच हललं नाही, एकही दिवा नाही, पंखा नाही, तर उत्तर सहसा पोरकट असतं. एसएमपीएसच्या मागचा खटका बंद राहिलेला असतो, किंवा कॅबिनेटच्या पॉवर बटनाची ती इवलीशी वायर चुकीच्या पिनांवर बसलेली असते. बोर्डाच्या पुस्तिकेत त्या पिनांचा नकाशा असतो. हो, ती पुस्तिका, जी कुणीही उघडत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पॉवर पिना क्षणभर जोडल्या आणि पीसी सुरू झाला, तर दोष बटनाच्या वायरीचा. विषय संपला.

सुरू होऊन एका सेकंदात बंद पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट होत असण्याची शक्यता जास्त. बोर्डाखाली कॅबिनेटला पितळी खुंट्या असतात, स्टँड-ऑफ म्हणतात त्यांना. जुना बोर्ड मोठा आणि नवा लहान असेल तर एखादी खुंटी आता नको त्या जागी उरते आणि बोर्डाच्या पाठीला टेकते. बोर्ड बाहेर काढा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम लावून बघा. खोक्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये नाही, म्हणजे खुंटीच.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात खरोखर जाळपोळ करते. एसएमपीएस मॉड्युलर असेल, म्हणजे ज्याच्या केबल दोन्ही टोकांनी निघतात तसा, तर एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला कधीही लावायची नाही. डिस्कच्या बाजूचं टोक सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्सचीही वेगळी. ‘बसतेय की’ म्हणून लावली, तर पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन डिस्क क्षणात खलास होऊ शकते. कपाटातल्या जुन्या केबलींची ती पिशवी आज उघडू नका.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. पहिला संशयित : प्रोसेसरची स्वतंत्र पॉवर केबल. बोर्डाच्या कडेला २४ पिनांचा भला मोठा कनेक्टर असतो, तो सगळेच लावतात. पण वर डाव्या कोपऱ्यात, कूलरच्या आडोशाला चार किंवा आठ पिनांचा आणखी एक असतो. पेन्टियम ४ च्या काळापासून तो आहे आणि तेव्हापासून लोक तो विसरतायत. तो नसला तरी पंखे फिरतात, लाइट लागतात, फक्त प्रोसेसर उपाशी!

दुसरा संशयित : मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. आणि कार्ड नसेल तर आपल्या प्रोसेसरमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स आहे का, हे बघायचं. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्यांत ते नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नसतं. बोर्डावर एचडीएमआयचं भोक आहे म्हणून चित्र येईलच असं नाही. स्वस्तात मिळाला म्हणून ‘एफ’वाला उचलला आणि कार्ड घेतलंच नाही, अशी मंडळी बरीच. त्यांचा पीसी कदाचित आत सुरळीत चाललेलाही असेल, बिचाऱ्याला दाखवायला तोंड नाही इतकंच.

मग रॅम. ती दाबताना बोर्ड मोडेल की काय असं वाटतं, म्हणून आपण हळूच दाबतो आणि ती अर्धवट बसते. दोन्ही टोकांना टिक् आवाज यायला हवा. चार स्लॉट असतील आणि रॅम दोन असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, पहिला आणि दुसरा नाही. जुनी डीडीआर४ नव्या डीडीआर५ च्या बोर्डावर बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बघू नका, प्लीज.

यापुढचा उपाय ऐकायला विचित्र वाटेल : काहीही करू नका. बसून राहा! डीडीआर५ चे बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी ओळख करून घेतात, किती वेगाने बोलायचं ते चाचपतात. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. विशेषतः एएमडीच्या २०२२ साली आलेल्या एएम५ बोर्डांवर पहिल्या वेळी यात काही मिनिटं सहज जातात आणि तेवढा वेळ स्क्रीन ठार काळी असते. आपण तीस सेकंदांत कंटाळून बटन दाबतो, पुन्हा सुरू करतो, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. असं पाच वेळा केल्यावर ‘बोर्डच डेड आहे’ म्हणून दुकानात परत. चहा टाका, पंधरा मिनिटं पीसीकडे बघूही नका.

चहा पिऊनही काळीच? मग बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात का, ते शोधा. शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं. सुरू होताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो अडून बसतो तो गुन्हेगार. स्वस्त बोर्डांवर हे दिवे नसतात. तिथे छोटासा स्पीकर लावून बीप मोजायचे. पूर्वी तो कॅबिनेटसोबत फुकट यायचा, हल्ली पन्नास-शंभर रुपयांत वेगळा मिळतो, घेऊन ठेवाच.

सीपीयूचा दिवा अडला तर प्रोसेसर खराब असण्याआधी दुसरी शक्यता बघा : बोर्डाचा बायॉस जुना आणि प्रोसेसर नवा. बी४५० चिपसेटचे बोर्ड २०१८ चे, रायझन ५००० मालिका आली २०२० च्या अखेरीस. सॉकेट तोच, पण दुकानात दोन वर्षं पडून राहिलेल्या बोर्डाला हा नवा पाहुणा कोण तेच माहीत नाही. इंटेलच्या बी६६० बोर्डांवर तेराव्या पिढीचा प्रोसेसर लावताना असाच घोळ होतो. बोर्डाला बायॉस फ्लॅशबॅकचं बटन असेल तर प्रोसेसर न चालताही पेनड्राइव्हवरून बायॉस नवा करता येतो. नसेल तर दुकानदाराकडून करून घ्या. आणि खरं तर हे विकत घेतानाच विचारायचं असतं, ‘‘या प्रोसेसरला बायॉस अपडेट केलाय का?’’ म्हणून.

बायॉस दिसला, विंडोज नाही

स्क्रीनवर बोर्ड कंपनीचा लोगो आला की हुश्श करा. हार्डवेअर जिवंत आहे. आता ‘नो बूटेबल डिव्हाइस’ दिसत असेल तर इथून पुढचा प्रत्येक क्लिक तुमच्या डेटाशी संबंधित आहे. सावकाश.

आधी बायॉसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का ते पाहा. नसेल तर केबल बदला, दुसरं साटा पोर्ट घ्या. बऱ्याच बोर्डांवर एखाद्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. जुनी एम.२ एसएसडी साटा प्रकारची असेल आणि नवा स्लॉट फक्त एनव्हीएमई मानणारा असेल, तर ती बसते छान, पण दिसत नाही.

डिस्क दिसतेय तरी बूट होत नाही, हा खरा पिढ्यांमधला भांडणतंटा! दहा वर्षांपूर्वीच्या कितीतरी पीसींवर विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेलं असायचं, डिस्कची मांडणी एमबीआर. नवे बोर्ड युईएफआय पद्धतीचे, त्यांना हवी जीपीटी मांडणी. मधला दुभाषा म्हणजे सीएसएम नावाचं सेटिंग. पण २०२० पर्यंत जुनी पद्धत बंद करायचा बेत इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता. त्यामुळे अनेक नव्या बोर्डांवर सीएसएम बंद असतं किंवा नसतंच. डिस्क चांगली, विंडोज चांगलं, बोर्ड चांगला, पण एकमेकांशी बोलणं नाही.

नेमक्या याच वेळी कुणीतरी ‘फॉरमॅट’ सुचवतं. गरज नसते! सीएसएम चालू करता येत असेल तर करा, विंडोज उठेल, पहिला बॅकअप घ्या. होत नसेल तर डिस्क काढा, यूएसबी एन्क्लोजरमध्ये घाला आणि मित्राच्या लॅपटॉपला लावून फाइल्स काढून घ्या. तिथे विंडोजने ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का असं विचारलं तर उत्तर एकच : नाही. फाइल्स सुरक्षित झाल्या की मायक्रोसॉफ्टचंच ‘एमबीआर टू जीपीटी’ हे टूल आहे, २०१७ पासून विंडोज १० मध्येच मिळतं. ते डेटा न पुसता मांडणी बदलतं. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांडची काळी खिडकी उघडून ते चालवता येतं. आधी ‘व्हॅलिडेट’, ते पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’. दोन डिस्क असतील तर दुसरीची केबल काढून ठेवा. नंबर चुकला तर भलत्याच डिस्कवर प्रयोग व्हायचा.

विंडोजचा लोगो येऊन निळी स्क्रीन आणि ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं आलं तर साटा कंट्रोलरचा मोड तपासा. जुन्या बोर्डावर एएचसीआय होता आणि नव्यावर रेड किंवा इंटेलचा व्हीएमडी चालू आहे, असं असतं ते. पूर्वीसारखा करा, बहुतेकदा उठतो. एक्सपीच्या काळात बोर्ड बदलला की ही निळी स्क्रीन ठरलेलीच. विंडोज १० आणि ११ मात्र कमालीचे समंजस आहेत. पहिल्या वेळी पाच-दहा मिनिटं ‘गेटिंग डिव्हायसेस रेडी’ म्हणत बसतात, मग स्वतःच नव्या बोर्डाशी जुळवून घेतात.

४८ आकडे

आता खऱ्या धोक्याची गोष्ट. विंडोज ११ कडे गेलेल्यांसाठी तर जास्तच. सगळं नीट झालं, स्क्रीन आली, डिस्क सापडली, आणि निळ्या पडद्यावर बिटलॉकर म्हणतो : रिकव्हरी की टाका. ४८ आकडी!

‘‘मी कधी बिटलॉकर लावलाच नव्हता,’’ हे यावरचं नेहमीचं वाक्य. तुम्ही लावला नसेल, विंडोजने लावला असेल. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज ११ टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक पीसींवर गुपचूप सुरू होतं. त्याची किल्ली टीपीएममध्ये असते आणि टीपीएम असतो जुन्या बोर्डावर किंवा जुन्या प्रोसेसरमध्ये. तुम्ही तो बदललात, म्हणजे डिस्कच्या दृष्टीने ती चोराच्या घरात पोचली. ती तिचं काम चोख करतेय.

या किल्लीशिवाय फाइल्स मिळत नाहीत. लॅमिंग्टन रोडवरचा कितीही जादूगार कारागीर असो, पुण्यातली तापकीर गल्ली पालथी घाला, डिस्क दुसऱ्या मशीनला लावा, उपयोग शून्य. पैसे घेऊन ‘काढून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. किल्ली सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपून ठेवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करा, डिव्हायसेसमध्ये रिकव्हरी की शोधा, स्क्रीनवरच्या आयडीशी जुळवून बघा. पण अकाउंट कुणाचं? पीसी सेट करून देणाऱ्या चुलतभावाचं? त्या इंजिनीअरने तात्पुरतं बनवलेलं, ज्याचा पासवर्ड आता त्यालाही आठवत नाही? ऑफिसच्या अकाउंटने लॉगिन केलं होतं आणि ती नोकरी सोडून वर्ष झालं? असे प्रकार हसण्यावारी नेऊ नका. सेकंडहॅण्ड पीसी घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

म्हणून बोर्ड काढण्याआधी, म्हणजे आदल्या रात्रीच, सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर ते ४८ आकडे कागदावर उतरवा किंवा मोबाइलवर फोटो काढा आणि बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. डिव्हाइस एन्क्रिप्शन असेल तर बंदच करा, डिस्क उलगडायला थोडा वेळ लागतो. एएमडीवाल्यांना नव्या प्रोसेसरनंतर काळ्या स्क्रीनवर एक प्रश्न येतो : एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन? किल्ली हातात नसेल तर ‘वाय’ दाबू नका. ‘एन’ दाबून आधी किल्ली शोधा.

विंडोजचं लायसन्स हा त्यामानाने किरकोळ त्रास. ब्रॅण्डेड पीसीसोबत आलेलं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, ते नव्यावर येत नाही. रिटेल घेतलेलं येतं. अकाउंटशी जोडलेलं असेल तर अॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ असा पर्याय निवडायचा.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर डिस्क घरी काढून ठेवा. बोर्ड, रॅम, प्रोसेसर तपासायला डिस्क लागत नाही, बायॉसपर्यंत पोचला की झालं. नव्या बोर्डाचं सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण टाकून दिलं नाहीत ना? वॉरंटीसाठी बोर्ड परत करताना ते मागतात, कारण त्याशिवाय सॉकेटच्या पिना वाटेत वाकतात. आणि वाकलेल्या पिनेला कुणीच वॉरंटी देत नाही. बोर्ड देताना काउंटरवरच, त्यांच्यासमोर, सॉकेटचा जवळून फोटो काढून घ्या.

आणि सगळं सुरू झाल्यावर रॅम जाहिरातीपेक्षा हळू चालतेय असं दिसलं तर दचकू नका. पूर्ण वेगासाठी बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावं लागतं. पण ते लगेच त्याच रात्री नको. दोन-तीन दिवस साध्या वेगावर बिनतक्रार चालू दे, बॅकअप पुरा होऊ दे, मग करा.